समाचाराची बाज

मागच्या रविवारी धाकटीचा फोन आला तेव्हा तिनं एक प्रश्न विचारला. तिच्या दवाखान्यात कंबरदुखीची माणसं येतात आणि ती त्यांच्यावर अभ्यास करते, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ती म्हणाली, आजी, कधी कधी हाड बरं झालेलं असतं, स्नायू बरा झालेला असतो, तपासणीत काही सापडत नाही, तरी माणूस वाकायला घाबरतो. घाबरतो म्हणून हलत नाही, आणि हलत नाही म्हणून आणखी दुखतं. तुमच्या काळी असं होतं का गं?

मी फोनवर "होतं ना" एवढंच म्हटलं. खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते क्रमानं सांगितलं तरच समजेल, म्हणून लिहून काढते.

तुमच्या आजोबांना एक थोरली बहीण होती. तुमच्यापैकी कोणी तिला पाहिलेलं नाही. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा गेला. माझ्या सासऱ्यांनी तिला घरी परत आणलं, लोकांचं न ऐकता शिकवलं, आणि ती सौंसरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा सासरे नव्हते. सासूबाई होत्या, तुमचे आजोबा तहसिलीत नोकरीला होते, आणि ही माझी नणंद, जिला मी वन्सं म्हणायची. उंच, ताठ, चष्मा लावणारी. तिची पावलं ओसरीवर वाजली की घरातले सगळे नकळत सरळ बसत. शाळेतल्या मुलींचं काय होत असेल ते तुम्हीच पाहा.

एका वर्षी पावसाळा सरल्यावर दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. एक सरकारनं केली, दुसरी शाळेतल्या फळ्यानं.

सरकारनं राज्यं नव्यानं आखली. नागपूर आणि वऱ्हाड मुंबईकडे गेले, आमचा छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला, आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. सौंसर-पांढुर्ण्याची माणसं मराठी बोलत होती तशीच बोलत राहिली. पण ज्या नागपुरात आमची लग्नं जमायची, औषधं मिळायची, मी बी.ए. केलं, ते शहर एका दिवसात दुसऱ्या राज्यात गेलं. कचेऱ्यांमध्ये, शाळांमध्ये, दवाखान्यांमध्ये बदल्या सुरू झाल्या. कोणी तिकडे मागून घेतलं, कोणाला इकडे पाठवलं.

फळ्याचं असं झालं की दुपारचं ऊन वर्गात शिरायचं, म्हणून वन्संनी भला मोठा फळा एकटीनं सरकवायला घेतला. खाली वाकून उचलताना कमरेत काही तरी लचकलं आणि त्या भिंतीला धरून तिथंच थांबल्या. दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, निजवून त्यांना घरी आणलं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. भला माणूस. हाड मोडलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं आणि म्हणाले, "फळीवर झोपवा. वाकायचं नाही, उचलायचं नाही, खाली बसायचं नाही."

किती दिवस, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. थोड्याच दिवसांत त्यांची बदली झाली आणि ते नव्या हद्दीपलीकडे निघून गेले. डॉक्टर गेले, हुकूम राहिला. तो मागे घेणारं आता कोणी नव्हतं.

आम्ही बैठकीतल्या बाजेवर फळी टाकली, फळीवर सतरंजी, आणि वन्संना तिथं निजवलं. बाज म्हणजे सुतळीनं विणलेली खाट. बैठकीत का, तर समाचाराला लोक येतात ते बैठकीत.

आता समाचाराचं सांगायला हवं, कारण तुमच्या तिकडे तो प्रकार नाही. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की ओळखीच्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी येऊन जातं. न येणं म्हणजे वैर. आलेल्यानं विचारायचं, कसं झालं? आजाऱ्यानं पहिल्यापासून सांगायचं. मग आलेल्यानं आपल्या माहितीतली तशीच एक हकिकत सांगायची, आणि ती शक्यतो वाईट शेवटाची, कारण चांगल्या शेवटाची सांगितली तर समोरच्याचं दुखणं हलकं मानल्यासारखं होतं. मग चहा. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावची माणसंही येत. रामाकोन्याची एक मावशी होती, दूरच्या नात्यातली. ती बाजारात भाजी घेण्याआधी आमच्याकडे यायची.

"कसं वाटून राहिलं मास्तरीणबाई?"

"आहे तसंच, मावशी."

"तसंच राहाते ते. कमरेचं दुखणं म्हणजे घरजावई. एकदा आलं का उठाचं नाव घेत नाही." मग सासूबाईंकडे वळून, "आमच्या जाऊबाईचं असंच झालं नं वं. वाकली ते वाकलीच. सरणावर ठेवतानी सरळ करा लागली तिले."

"अगं माय!" सासूबाई म्हणायच्या. "चहा गोड झाला नं?"

आणि आजारी माणूस आडवं असावं लागतं. हे कोणी सांगत नाही, पण असावं लागतं. महिन्याभरानं वन्सं थोडं थोडं उठू लागल्या होत्या. एका सकाळी त्या मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली हळूहळू फिरत होत्या, मी कपडे वाळत घालत होते. तेवढ्यात पुढच्या दाराशी आवाज आला आणि सासूबाई दबक्या आवाजात ओरडल्या, "बाई, लवकर लेट! कोणी तरी येऊन राहिलं!"

वन्सं जवळजवळ धावत गेल्या आणि बाजेवर पडल्या. धावत जाऊन आजारी पडणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

हसा, पण त्यांचाही नाइलाज समजून घ्या. सरकारी पगाराची मास्तरीण रजेवर असताना अंगणात फिरताना दिसली असती, तर संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं की तिला काही झालंच नव्हतं. आणि एकदा निजून, पहिल्यापासून सगळं सांगून झालं की तीच कळ खरोखर पाठीतून पायात उतरायची. ओठ पांढरे पडायचे. ते सोंग नव्हतं. मी त्यांचा हात धरून बसायची, मला ठाऊक आहे.

असं करत संत्र्यांचा हंगाम आला. त्या सुमारास शाळेच्या मोठ्या बाई समाचाराला आल्या आणि जाताना त्यांनी निरोप सांगितला. छिंदवाड्याहून हुकूम आला होता. लांब रजेवर असलेल्या सगळ्यांनी थंडी सरायच्या आत नव्या साहेबांपुढे स्वतः हजर व्हायचं. जो येणार नाही त्याची जागा रिकामी धरली जाईल.

छिंदवाड्याला जायचं म्हणजे छोट्या गाडीनं, अरुंद रुळांच्या रेल्वेनं. लाकडी बाकं, घाटातली वळणं, प्रत्येक सांध्यावर धक्का. वन्संना तर दारातल्या दमणीत बसायचीही छाती नव्हती.

त्या संध्याकाळी मी त्यांचे केस विंचरून देत होते तेव्हा वन्सं म्हणाल्या, "वहिनी, शाळा गेली तरी मला काही कमी पडणार नाही. तुम्ही सगळे मला जपाल."

"हो तर," मी म्हटलं.

"तेच मला नको आहे."

माझं माहेर पांढुर्ण्याचं. माझा मामेभाऊ तिथं डॉक्टर होता. लढाईच्या वर्षांत तो फौजेच्या दवाखान्यांत होता, आणि देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास परत येऊन त्यानं पांढुर्ण्याच्या स्टेशनाजवळ दवाखाना थाटला होता. मी त्याला दादा म्हणत असे. त्याला निरोप पाठवला आणि तो एका सकाळी मोटारीनं आला.

दादानं वन्संना नीट तपासलं. पाय उचलून पाहिले, टाचा दाबून पाहिल्या, पाठीवरून बोटं फिरवली. मग स्टूल ओढून बसला आणि त्यानं कुठं दुखतं हे विचारलंच नाही. त्यानं विचारलं, "काय काय सोडलं?"

"म्हणजे?"

"आधी करत होत्या आणि आता करत नाही, असं सगळं सांगा."

वन्सं सांगू लागल्या. जमिनीवर बसणं. पंगतीत जेवणं. स्वतःच्या हातानं अंघोळ करणं. वह्या मांडीवर घेऊन तपासणं. पोथी वाचायला खाली वाकणं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. इतकं सगळं हातातून गेलं, हे त्यांनाही एका दमात सांगितल्यावरच कळलं असावं.

"आणि दुखणं कोणत्या दिवशी जास्त?"

"बाजाराच्या दिवशी."

"त्या दिवशी समोरून बैलगाड्या लय जातात," सासूबाई म्हणाल्या. "जमीन हादरून राहाते."

"काकू, तुम्ही पण याच घरात राहता. तुमची कंबर नाही हादरत?"

सासूबाईंनी पदर सावरला. "म्हणजे माझी पोरगी ढोंग करून राहिली, असं म्हणता का डॉक्टर?"

"नाही. दुखणं खरं आहे. शंभर टक्के." दादा पुढं झुकला. "असं पाहा काकू. वाड्यात चोर शिरला, कुत्रं भुंकलं. बरोबर केलं त्यानं. चोर पळाला. पण आता रोज कोणी ना कोणी येते, कुत्र्याजवळ बसते अन् विचारते, चोर कसा होता रे? कुठून आला होता? आमच्याकडे आला होता त्यानं तर माणूस मारला. मग ते कुत्रं झोपणार कसं? ते सावलीवरही भुंकेल. भुंकणं खरंच असते. चोर नसतो."

वन्सं उशीवरून मान उचलून ऐकत होत्या.

जखम केवढी आणि दुखणं केवढं, हा प्रश्न दादाच्या डोक्यात बरीच वर्षं होता, हे मला जेवताना कळलं. तो म्हणाला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नदीवर गोटमार होते, दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात. डोकी फुटलेली माणसं देवीचा अंगारा लावून पुन्हा नदीत उतरतात, आणि जी माझ्याकडे येतात ती टाके घालताना हसत असतात. त्यातलाच एखादा पुढं उंबऱ्याला ठेचकाळतो आणि त्याला दोघं धरून आणतात. फौजेत त्यानं हेच पाहिलं होतं. तेव्हापासून प्रत्येक दुखणेकऱ्याला तो दोन गोष्टी विचारायचा: काय सोडलं, आणि घरात कोण काय करतं. उत्तरं मनात साठवायचा. तुमच्या धाकटीसारखी त्याच्याजवळ यंत्रं नव्हती आणि त्याचं म्हणणं कोणी छापलंही नाही.

त्यानं सांगितलेली रीत साधी होती. काम निवडायचं, सगळ्यात सोपं. ते किती करायचं हे आधी ठरवायचं. दुखलं म्हणून मध्येच थांबायचं नाही, आणि बरं वाटलं म्हणून वाढवायचंही नाही. दर आठवड्याला थोडंसं पुढं जायचं. आणि घरात कोणी "कसं वाटतं" असं विचारायचं नाही.

"मंग काय लोकाइले सांगू का, समाचाराले येऊ नका म्हणून?" सासूबाई उसळल्या. "उद्या माझ्या तिरडीलेही कोणी येणार नाही."

"ते तुम्ही पाहा, काकू. मला फक्त यांना बाजेवरून उठवायचं आहे."

सासूबाईंनी ते पाहिलं. बाजाराच्या दिवशी सकाळी मी बैठकीत आले तर बाजेवर त्याच निजलेल्या. अंगावर लोकरीची धाबळी, कपाळाला सुंठ.

"आई! काय झालं?"

"गुडघे," त्या म्हणाल्या आणि एक डोळा बारीक केला. "लोकं येतीन तं खाली हात जाऊ द्याचे का? समाचार पाह्यजे नं त्याइले? घ्या म्हणा माझा. जाय, बाईले मागं घेऊन जाय."

लोधीखेड्याच्या रस्त्याला आमची थोडी संत्र्याची बाग होती. हंगामात संत्री घरी येत आणि मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, ढीग पडत असे. रोज निवडावी लागत. एक डागाळलेलं राहिलं तर शेजारची दहा नासतात. वन्संनी हेच काम निवडलं. पहिल्यांदा त्या स्टुलावर बसल्या, संत्र्यांची टोपली दुसऱ्या स्टुलावर. ठरलेली एक टोपली झाली की उठायचं. पुढच्या आठवड्यात टोपली पाटावर, म्हणजे थोडं वाकणं आलं. पुढं टोपली जमिनीवर.

ज्या दिवशी टोपली पहिल्यांदा पाटावर ठेवली, त्या दिवशी वन्सं तिच्याकडे बघत कितीतरी वेळ नुसत्याच बसून राहिल्या. कपाळावर घाम. मग माझ्याकडे वळल्या आणि शाळेत एखादं गणित चुकलेलं सापडावं तशा आवाजात म्हणाल्या, "वहिनी, मी अजून वाकलेच नाही. तरी दुखलं."

बैठकीतून सासूबाईंचं कण्हणं ऐकू येत होतं आणि रामाकोन्याच्या मावशीचा आवाज. वन्सं वाकल्या. एक संत्रं उचललं, उलटसुलट करून पाहिलं, बाजूला ठेवलं. दुसरं उचललं.

माझ्या बी.ए.च्या पुस्तकात भीती आणि सवय यांच्यावर एक प्रकरण होतं. परीक्षेपुरतं ते मी इंग्रजीत पाठ केलं होतं. त्याचा अर्थ काय, हे मला त्या सपरीत, संत्र्यांच्या वासात कळलं.

सगळं सरळ गेलं असं समजू नका. एका सकाळी वन्संना इतकं हलकं वाटलं की त्यांनी अख्खा ढीग निवडून टाकला आणि वर अंगण झाडलं. दुसऱ्या दिवशी त्यांना कूस बदलता येईना. रडल्या. म्हणाल्या, झालं, संपलं. तुमचे आजोबा घाबरून गेले. त्यांना विचारायची बंदी होती, म्हणून ते दर थोड्या वेळानं दारात येऊन नुसत्या भुवया वर करायचे.

"तुझ्या भुवयाही विचारतात," वन्सं त्यांना म्हणाल्या. "जा कचेरीत."

दादाला निरोप गेला. त्याचा उलट निरोप आला: उद्या पुन्हा तीच जुनी टोपली, ना कमी ना जास्त. वन्संनी ऐकलं. चार-सहा दिवसांत त्या पुन्हा होत्या तिथं आल्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की दुखणं उलटणं म्हणजे कंबर मोडणं नव्हे. माझ्या मते वन्सं खऱ्या उठल्या त्या ह्याच आठवड्यात.

पण गंमत पुढंच झाली. सासूबाईंच्या गुडघ्यांची बातमी सौंसरभर पसरली. कोणी एरंडाची पानं आणली, कोणी मोहाचं तेल. जामसावळीच्या मारुतीचं तीर्थ आलं. प्रत्येक बाजाराला सासूबाई धाबळी घेऊन पडत आणि हकिकत पहिल्यापासून सांगत. ही हकिकत दर वेळी थोडी वाढत असे. मी चहा देताना हसू दाबायची. मग एका सकाळी मी पाहिलं की त्या भिंतीला धरून उठताहेत. वाटलं, सवय झाली नाटकाची. तर दुसऱ्या दिवशी घरात आम्ही दोघीच असतानाही त्या म्हणाल्या, "सूनबाई, जरा हात दे वं."

दादा पुढच्या फेरीला आला तेव्हा त्या लंगडत ओसरीवर आल्या. तो पाहतच राहिला आणि मग त्याला असं हसू फुटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"हासू नका डॉक्टर. खरंच दुखून राहिले."

"मी कुठं म्हटलं खोटं आहे म्हणून?"

"आधी नोते दुखत. देवाची आण."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर हसतो आहे. काकू, जे मला इतकी वर्षं सिद्ध करता आलं नाही ते तुम्ही चार बाजारांत करून दाखवलं."

सासूबाई ओसरीच्या खांबाला टेकून विचार करत राहिल्या. त्या शिकलेल्या नव्हत्या, पण हट्टी होत्या, आणि आपण फसलो हे त्यांना कधीच सहन होत नसे. "जामसावळीचा मारुती निजून राहाते, तो देव आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याले पोळ्या नाही कराव्या लागत." आणि तिथल्या तिथं गड्याला हाक मारून त्यांनी ती बाज सुतळी उसवून नव्यानं विणायला पाठवून दिली.

पुढच्या बाजाराला समाचाराची मंडळी आली ती बैठकीत बाज नाही म्हणून गोंधळली. सासूबाई कमरेला पदर खोचून सगळ्यांना मागच्या सपरीत घेऊन गेल्या. "या, इकडंच बसा. बाई आहे, मीही आहे. हात चालवा जरासे, संत्री सडून राहिली." समाचार बंद झाला नाही. फक्त हातात संत्रं असलं की माणूस सरणापर्यंत पोचत नाही. बोलणं संत्र्यांच्या बाजारभावाकडे, डागांकडे, कोणाच्या बागेत काय बिघडलं तिकडे वळतं. वन्सं जमिनीवर पाटावर बसलेल्या होत्या. रामाकोन्याच्या मावशीनं त्यांच्याकडे दोनदा पाहिलं, तोंड उघडलं, आणि सासूबाईंनी तिच्या पुढ्यात आणखी एक टोपली सरकवली.

थंडी सरत आली तेव्हा वन्सं आणि मी छिंदवाड्याला निघालो. तुमचे आजोबा सोबत येणार होते, पण वन्सं नको म्हणाल्या, भुवयांमुळे. सकाळची गाडी. वन्संनी बाकावर घडी घातलेली चादरसुद्धा घेतली नाही. रामाकोन्याला गाडी थांबली आणि डब्यात कोण चढावं? मावशीच. तिची लेक छिंदवाड्याला दिलेली होती.

"अगं बाई, मास्तरीण! अन् ह्या गाडीत? ह्या धक्क्याइत?" ती आमच्या समोर बसली. "आता पुढं घाट लागते. मले तं बाप्पा, चांगलीले सोसत नाही. कसं झालं होतं तुम्हाले, सांगा बरं पुन्हा? या बाईनं नाही ऐकलं." शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईकडे तिनं बोट दाखवलं.

ती अनोळखी बाई सहानुभूतीनं पुढं सरकली. मी वन्संकडे पाहिलं. त्यांचा हात बाकाच्या कडेवर आवळला गेला होता आणि ओठांचा रंग उडत चालला होता. गाडी घाटाला लागली. एक वळण, एक धक्का. मला वाटलं, आता त्या सांगू लागतील. सांगितलं की त्या परतीच्या गाडीत आडव्या होऊनच येतील, हे मला दिसत होतं.

"मावशी," वन्सं म्हणाल्या, "ते आता शिळं झालं. तुमच्या लेकीला काय झालं, मुलगा की मुलगी?"

"मुलगी नं!" मावशी म्हणाली, आणि मग नातीचं रंगरूप, जावयाचा स्वभाव, बारशाला कोणी काय दिलं, हे सगळं घाट संपेपर्यंत चाललं. मध्येच वन्सं उठल्या. मी सावरायला उठू लागले. पण त्या खिडकीच्या गजाला धरून उभ्या राहिल्या, गाडीच्या हेलकाव्यांबरोबर हलत राहिल्या, बाहेरची सागाची झाडं बघत राहिल्या, आणि थोड्या वेळानं आपण होऊन बसल्या. "दुखत होतं?" असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

कचेरीत साहेब नवे होते, उत्तरेकडचे, बोलायला सौम्य. त्यांनी वन्संना बसायला सांगितलं, नाव-गाव विचारलं. मग जरा अवघडून म्हणाले, "बहनजी, आपकी जगह पर तो दूसरी को भेज दिया गया है। अब मराठी की एक ही जगह ख़ाली है, रामाकोना में। रोज़ रेल से आना-जाना पड़ेगा।" आणि माझ्याकडे एक नजर टाकून पुढं म्हणाले, तब्येतीचं कारण असेल तर नकार देता येईल, त्यात काही कमीपणा नाही. सन्मानानं निवृत्त करू.

रोज तीच गाडी, तेच बाक. सौंसर ते रामाकोना अंतर थोडंच, पण रोज. मी वन्संच्या दंडाला हात लावणार, थोडा विचार करू म्हणणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "कब से जाना है?"

साहेब हसले. "सोमवार से।"

परतताना मला त्यांच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. घरी सांगितलं तेव्हा तुमचे आजोबा म्हणाले, तक्रार करू, सौंसरची जागा तुझीच आहे. वन्सं म्हणाल्या, तक्रार कर खुशाल. तोवर मी शिकवते.

सोमवारी सकाळी त्या गेल्या आणि दिवस कसाबसा गेला. सासूबाईंनी तीन वेळा चूल पेटवली आणि तीन वेळा विझवली. तुमचे आजोबा कचेरीतून लवकर आले, पण स्टेशनवर गेले नाहीत. आम्ही ठरवलं होतं की कोणी जायचं नाही. गाडीची शिट्टी ऐकली. मग बराच वेळ काही नाही. मग ओसरीवर पावलं वाजली आणि आम्ही सगळे सरळ बसलो.

वन्संनी हातपाय धुतले आणि पंगतीत येऊन खाली बसल्या. पान वाढलं. त्या रागावलेल्या होत्या.

"चौथीच्या मुली," त्या म्हणाल्या. "चौथीच्या! एकीलाही बाराखडी धड लिहिता येत नाही. आधीच्या बाईंनी वर्षभर केलं काय? आणि खोलीला एकच खिडकी. मी उद्या हेडमास्तरांशी बोलणार आहे. मुलींना अंगणात बसवायचं, धुळीत लिहायचं, पण लिहायचं." भाकरी मोडली. "भाजी वाढ गं वहिनी. दुपारी जरा दुखत होती कंबर. आणि त्या खिडकीला दारही नाही, सगळी धूळ आत."

सासूबाईंच्या हातातली पळी क्षणभर हवेत थांबली. तुमच्या आजोबांनी ताटात पाहिलं. मग सासूबाईंनी भाजी वाढली आणि विचारलं, "किती पोरी आहे वं वर्गात?"